दोन वाटांचं नेट आणि नणंदेचं स्थळ

लग्नानंतर मी मंचरजवळच्या आमच्या गावात इंटरनेट पुरवायचा धंदा सुरू केला. गावापासून मंचरपर्यंत माझ्या दोन वायरलेस लाइन होत्या. एक थेट जायची, दुसरी अवसरी खुर्दवरून वळसा घेऊन. दोन्ही टोकांना राउटर माझेच.

आपलं बोलणं, फोटो, सिनेमे सगळं नेटवरून बारीक तुकड्यांत जातं. त्यांना पॅकेट म्हणतात. कुठलं पॅकेट कुठल्या लाइनवर ढकलायचं हे राउटर ठरवतो. मी त्याला आळीपाळीनं पाठवायला लावलं होतं, एक इकडून, पुढचं तिकडून. दोन्ही लाइन सारख्या भरू लागल्या, वेग वाढला, आणि मी आठवडाभर घरात जरा ताठ मानेनं वावरले.

त्याच आठवड्यात नणंदेला आळे गावचं स्थळ आलं. पाहणं झालं होतं, मुलगा-मुलगी दोघंही राजी होती. शेवटची बोलणी सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर ठेवली, कारण सून काय करते ते त्यांना व्याह्यांना दाखवायचं होतं. तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेला माणूस, आवाज दोन शेतांपलीकडं जायचा. कॉलवर आवाज मधूनमधून तुटत होता, पण सासरे हसून बोलले. व्याह्यांनी काहीतरी विचारलं, तर सासऱ्यांनी हात जोडून “व्हय व्हय, लई आनंदानं” म्हटलं. आम्ही पेढे वाटले.

संध्याकाळी मुलाच्या मामांचा साधा फोन आला. नकार कळला, राग नाही, पण तो इतक्या आनंदानं द्यायला नको होता, असं ते म्हणाले.

नणंद आत जाऊन बसली. सासरे व्याह्यांवर तापले. मला मात्र माझ्याच लाइनची शंका आली. वळशाच्या लाइनवरची पॅकेट उशिरा पोचतात. सिनेमा थांबून त्यांची वाट बघतो, कॉल थांबत नाही. मागं पडलेला तुकडा तो सरळ टाकून देतो.

खात्री करायला मी राउटरला प्रत्येक पॅकेटची नोंद ठेवायला सांगितलं. एरवी तो तयार तक्त्यात बघून पॅकेट झटक्यात पुढं सारतो. आता एकेक पॅकेट त्याच्या मुख्य प्रोसेसरपुढं हजेरी लावू लागलं. मला सगळं नीट दिसलं, आणि चार-पाच मिनिटांत अख्ख्या गावाचं नेट बसलं. दारात माणसं जमली. नेट कधी येणार हे त्यांना हवं होतं, आणि आलोच आहोत तर स्थळाचं काय झालं तेही.

नोंद बंद केली, नेट आलं, मग सासऱ्यांना सगळं सांगितलं.

“म्हंजी माजं बोलणं दोन वाटांनी गेलं,” ते म्हणाले.

“हो.”

“आन निम्मं वाटंतच राह्यलं.”

“हो.”

“उद्या सकाळी गाडी काढा. मी येकाच वाटंनं जानार.”

आळ्याला व्याही ओसरीवर बसले होते, चेहरा कडक. “तुमीच म्हणला ना पावणं, पोरगा पसंत न्हाई?”

“मी म्हणलं, पोरगा पसंत न्हाई असं म्हणायला तोंड तरी कसं उघडंल!”

“मग मी इचारलं, हे मोडलं असं समजायचं का? तर तुमी म्हणला, लई आनंदानं.”

सासऱ्यांना त्यातलं फक्त ‘समजायचं का’ ऐकू आलं होतं. मग दारातल्या विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि त्यांचं हसू हळूहळू अख्ख्या ओसरीवर पसरलं. मी जमिनीकडं बघत होते. चहा घेऊन आलेला मुलगा इंजिनिअर होता. कप देताना त्यानं हळूच विचारलं, “वहिनी, पॅकेट आळीपाळीनं सोडली होती का?” मी मान हलवली. त्याला कालच शंका आली होती म्हणे, पण मोठ्यांच्या बोलण्यात त्याचं कोण ऐकणार?

लग्न झालं. आळ्याहून घरी आल्या दिवशीच मी सेटिंग बदललं होतं. आता एक संभाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लाइनवरून जातं. बोलणं तुटत नाही, पण कधी एक लाइन तुडुंब भरते आणि दुसरी मोकळी पडून राहते. तुडुंब लाइनवर नेमके शेजारचे गुरुजी सापडतात. त्यांचा सिनेमा ऐन मारामारीत अडकतो आणि ते तक्रार घेऊन येतात. मी समजावायला तोंड उघडायच्या आत सासरे खाटेवरून म्हणतात, “गुरुजी, कोण जिकतंय ते उद्या बगा.”