सतरावी ओळ

आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरातला देव्हारा निघाला. भूत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींना मी लहानपणापासून हसतच आले. त्यात शिकले गणित आणि नोकरी मिळाली कॉम्प्युटरवर! म्हणून हे लिहिताना आजही संकोच वाटतो. तरी लिहिते, कारण त्या मशीनचे माझ्यावर उपकार आहेत.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. दुष्काळी पट्ट्यातल्या वाशी गावाजवळच्या एका सहकारी दूध संघात मी कामाला होते. दूध आटलेलं, म्हणून संघाचे टँकर पिण्याचं पाणी वाहत होते. टँकरनं कुठं कुठं जायचं, ती यादी काढायचा प्रोग्राम मी पास्कल या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. प्रत्येक ओळीत आधी गाव, मग स्वल्पविराम देऊन त्याच्या वस्त्या, शेवटी अर्धविराम. प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत. हे त्या यादीचं व्याकरण. ते तपासायचा प्रोग्रामचा एक भाग, त्याला म्हणतात पार्सर. ओळ व्याकरणात बसली नाही की तो तिथंच थांबायचा आणि काय राहिलं ते सांगायचा. मला त्याचा भलताच गर्व होता.

एके दिवशी सकाळी काशीबाई नावाची बाई ऑफिसात आली. ईट गावाकडची, उन्हात चालत आलेली.

"ताई, आमी खडी फोडायला आलोय, वढ्याच्या पल्याड. तिथं बी टँकर धाडा. सून बाळंत झालीय, चार दिस झाले. पानी लई लांब हाय."

"वस्तीचं नाव काय?"

"तळाला कसलं आलंय नाव? पालं हायती समदी."

"नावाशिवाय मशीन घेत नाही, मावशी. ग्रामपंचायतीतून लिहून आणा."

तिनं पदर सावरला आणि निघून गेली. मीही विसरले. खरं सांगते, साफ विसरले.

दुपारी यादी चालवली. सतराव्या ओळीवर पार्सर थांबला — 'नेम एक्स्पेक्टेड'. म्हणजे इथं नाव हवं. ओळ पाहिली: गाव, दोन वस्त्या, अर्धविराम. बिनचूक! स्वल्पविराम देऊन पुढं नाव टाकलं नाही, तरच असा निरोप यायला हवा. ओळ खोडून पुन्हा टाईप केली. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच... दारात टँकरवाले शफीभाई खोळंबलेले.

"काय म्हणतंय मशीन?"

"नाव पाहिजे म्हणतंय. पण सगळी नावं आहेत हो!"

"मग एखादं ऱ्हायलं असंल की. मशीनवर खेकसून काय व्हनार? आठवा जरा."

आणि आठवलं. सतरावी ओळ त्या ओढ्याकाठच्याच गावाची होती. अर्धविरामाआधी स्वल्पविराम दिला आणि इंग्रजी अक्षरांत टाईप केलं — "काशीबाईचा तळ". यादी सरळ शेवटपर्यंत गेली.

मीही टँकरमध्ये बसले. तळावरचं पिंप कोरडं होतं. सून तापानं फणफणलेली, तिच्या कपाळावर ठेवायला ओलं फडकंसुद्धा नव्हतं. शफीभाईंनी आधी तिची घागर भरली, मग सासू, सून आणि लेकराला केबिनमध्ये बसवून दवाखाना गाठला. उद्यावर टाकलं असतं तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

"लई उपकार झाले, ताई," काशीबाई म्हणाली.

"मावशी, सकाळी मीच तुम्हाला परत पाठवलं होतं."

"पर आलासा न्हवं!"

मला रडू आवरलं नाही.

नंतर ती जुनी ओळ, काशीबाईच्या नावाशिवाय, मी कितीदा तरी चालवून पाहिली. एकदाही अडली नाही. पुण्याच्या माझ्या सरांना प्रोग्राम दाखवला. या ओळीवर हा निरोप येऊच शकत नाही, म्हणाले. विजेचा चढउतार असेल, मेमरीचा दोष असेल... असेलही. पण नेमका त्याच दिवशी, त्याच ओळीवर? मला आजही सांगता येत नाही. मी फक्त ऋणी आहे — कुणाची, ते ठाऊक नाही.

सून बरी झाल्यावर पालातच बारसं झालं. मुलगी होती. काशीबाईनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं नि म्हणाली, "नाव तुमीच सांगा."

या वेळी मी कुणालाही ग्रामपंचायतीत पाठवलं नाही.