चाकाखालचे दोन दगड

"गाडी उभी राह्यली का आखडते, बाबूजी," असं म्हणून तो मोटारीला खांदा लावायचा. मोटार सडक अर्जुनीच्या आमच्या मालगुजारांची, हा तिचा ड्रायव्हर आणि मिस्त्रीही. पावसाळ्यात ती टिनाच्या छपराखाली नुसती उभी असे. हा दर आठवड्याला तिला चार हात पुढे, चार हात मागे ढकलायचा, कोंबडीच्या पिसानं ब्रेकच्या सळ्यांच्या सांध्यांना तेल लावायचा. हातब्रेक मात्र ओढून ठेवायचा नाही. त्याऐवजी चाकाखाली दोन दगड.

"ओल्यात ब्रेक ओढून ठेवला का चिकटते जी."

कामाचं असं सोवळं पाळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी मालकांचा दिवाणजी. मी त्याला हसायचो.

धानाच्या रोवणीसाठी तो पंधरा दिवस गावी गेला. "दगड नोका काढू," एवढं मला बजावून गेला. मालकांकडे पाहुणे यायचे होते, ते चिखलाचे दगड मला बघवेनात. मी ते फेकले, हातब्रेक खच्चून ओढला आणि विसरून गेलो.

तो परतला त्याच दुपारी माझी बायको अडली. सुईण म्हणाली, "माह्या हातचं नाही राह्यलं. गोंदियाले न्या."

मालकांनी मोटार दिली. इंजिन सुरू झालं, पण मागचं चाक फिरेना. ओसरीवर बाजेवर ती कण्हत होती आणि हा चिखलात बसून चाक काढत होता. ब्रेकच्या आत घासलेट सोडून लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी हलकेच ठोकू लागला.

"ब्रेक कोणं ओढला?" मालक गरजले.

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "मीनंच, मालक. गावाले जाची घाई होती."

मी गप्प राहिलो. नोकरी जाईल या भीतीनं, दुसरं काही नाही.

अखेर ब्रेक सुटला, चाक फिरू लागलं. वाटेत तो दर दोन-तीन मैलांवर उतरून चाकाला उलटा हात लावून बघायचा. मी चिडलो तर म्हणाला, "तापलं तं रस्त्यातच राहू, बाबूजी."

मुलगी झाली. दोघी वाचल्या. तो मोटार घेऊन आधीच परतला होता; आम्ही आठ दिवसांनी परत आलो तेव्हा मालकांनी त्याला काढून टाकलं होतं. टिनाखाली मोटार उभी होती, हातब्रेक सोडलेला, चाकाखाली दोन दगड. तो कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग दर आठवड्याला मीच मोटार ढकलू लागलो. मालक विचारत, "काऊन, दिवाणजी?"

"आखडते जी," मी म्हणे. बाकीचं त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.