तबकड्यांची अंघोळ

"बोट न्हाई लावायचं!" मामांच्या अंगणात पाऊल टाकलं की आधी हे ऐकू यायचं, या-बसा नंतर.

आमच्या दूध सोसायटीत मी दूध मोजायचो, मामा मलई काढायचं यंत्र चालवायचे. दुष्काळात दूध आटलं, यंत्र बंद पडलं, आतल्या तबकड्यांची कल्हई उडून गंज चढला. दूध संघाचा निरोप आला, की साहेब येतील त्या दिवशी यंत्र दुधावर चाललं तर गावचं दूध केंद्र राहील, नाहीतर यंत्र उचलून नेऊ. मामांनी तबकड्या पोत्यात घालून घरी आणल्या. धारूरचा कल्हईवाला स्वच्छ करून आणलेलंच काम घ्यायचा.

सोड्याच्या गरम पाण्यात ओशटपणा काढायचा, चिंचेने गंज घासायचा, धुवायचं. मग तबकडीवर तांब्याभर पाणी ओतून मामा डोळे बारीक करून बघत. पाणी सलग पसरलं तर ठीक. थेंब थेंब होऊन फुटलं, तर कुठेतरी ओशट राहिलं, एका बोटाचं का असेना; मग पुन्हा पहिल्यापासून. तबकड्यांना अंघोळ रोज, मामांना मात्र टँकरच्या मर्जीने!

"माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी लोखंडाला न्हाऊ घालताय!" मामी करवादायच्या.

"लोखंड न्हाई, आपलं केंदर हाय ते."

वापरलेलंच पाणी पुन्हा घ्या, असं मी सुचवून पाहिलं.

"त्याच्यात तूप तरंगतंय की, भाऊ. कल्हई धरंल का त्याच्यावर?"

त्यांचं बरोबर होतं, आणि तरी मला त्यांचा राग यायचा. अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

गावची जनावरं एव्हाना चारा छावणीत गेली होती. दुभती गाय उरली ती एकट्या मामांची. साहेबांसमोर तिचंच दूध यंत्रात पडायचं होतं, म्हणून ते तिला छावणीत धाडत नव्हते.

कल्हई झकास बसली. मामांनी यंत्र जोडलं, साहेबांची जीप आली, आणि मामी रिकामी चरवी घेऊन आल्या.

"आटली," त्या म्हणाल्या. मग मामांकडे न बघता, "तिच्या वाटणीचं पाणी ह्यांनी तबकड्यांला घातलं."

"रोज थोडंच घेतलं व्हतं," मामा पुटपुटले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तरी त्यांनी दांडा फिरवला. यंत्र सुरेख चाललं, रिकामंच. साहेबांनी आपल्या माणसाला यंत्र सोडवायला सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या, सायब. आमीच काढतो."

एकेक तबकडी आपल्या उपरण्यात पुसून मामांनी जीपमध्ये ठेवली.

"लई दूध असंल तिथंच लावा बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी मामा-मामी गाय घेऊन छावणीकडे निघाले. त्यानंतर मामा मला दिसले नाहीत.