साडूंचं लोणी

लोण्याचं तूप होऊ न देण्यासाठीच माझे थोरले साडू जन्माला आले होते, असं माझं ठाम मत आहे. अंबरनाथला एका केमिकल कंपनीत ते ऑफिसर होते, पण खरी नोकरी रविवारची. आठवड्याची साय विरजलेली असायची आणि रवी त्यांच्या हातात. लोणी वर आलं रे आलं की ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, ते कढवायला पातेलं घेऊन उभी. आणि साडू ते गार पाण्यात धुऊन त्यात कसला तरी पाला चिरून घालायला उतावीळ. कधी पुदिना, कधी गवती चहा, एकदा तर चक्क कढीलिंब! वर मला म्हणाले, "साडूभाऊ, नुसतं लोणी म्हणजे सासरी येऊन बसलेला जावई. घरात असतो, पण चव नाही!" त्याच घरचा मीही जावई असल्यामुळे मला हसता आलं नाही.

पुदिना मात्र उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या भाजीबाजारातलाच हवा. अंबरनाथचा पुदिना म्हणे नुसता हिरवा असतो. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. जुडीमागून जुडी चुरगाळून हुंगणं चाललेलं पाहून भाजीवाला सिंधी म्हातारा म्हणाला, "साईं, लेना है की सिर्फ सूंघना है?" साडूंनी तिथेच त्याला सगळी कृती समजावून सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि वर दोन लिंबं फुकट दिली, बहुधा दयेपोटी.

हे हिरवे प्रकार निदान दिसायचे तरी. घात केला तो लसणाने. साडूंनी लसूण वाटून त्याचा नुसता रस लोण्यात घोटला, त्यामुळे लोणी दिसायला पांढरंशुभ्र. होळीला त्यांच्या लेकीच्या नव्या सासरची माणसं जेवायला यायची होती. ताईने फ्रिजमधला तोच डबा काढून लोणी कढवलं, आणि नेमकी तिला सर्दी झालेली. पुरणपोळीवर तूप पडलं आणि पंगतीतले हात एकदम थांबले. व्याही सभ्य गृहस्थ. "जरा वेगळी चव आहे," एवढंच म्हणाले. साडू खुलले. "ओळखा पाहू कशाची?" त्या दिवसापासून सायीच्या पातेल्याला हात लावायची त्यांना बंदी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ छान होतं, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. मऊ भात, शेपूची भाजी, अळिवाची खीर, सगळं ताट तसंच परत यायचं. ताई स्वयंपाकघरात डोळे पुसायची. "बाळ अंगावर पितंय, आणि ही घासभर खात नाही हो!" पाचव्या दिवशी सकाळी साडूंनी बंदी मोडली. शेपू अगदी बारीक चिरला, लसूण तुपात परतला, चिमूटभर ओवा चोळला आणि सगळं ताज्या लोण्यात घोटून तांदळाच्या गरम भाकरीवर घातलं. बाळंतिणीला चालतं तेच सगळं, फक्त लोण्यातून. लेकीने एक घास घेतला, मग दुसरा. भाकरी संपल्यावर म्हणाली, "बाबा, अजून अर्धी आहे?" दुसऱ्या दिवशी सायीचं पातेलं ताईने स्वतःच त्यांच्यापुढे आणून ठेवलं. "मीठ बेताने घाला," एवढंच म्हणाली.

तीन महिन्यांनी लेक नागपूरला परत निघाली; गाडी कल्याणहून होती. निघताना तिने लोण्याचा डबा मागितला. एवढ्या प्रवासात लोणी टिकत नाही, हे त्या घरात साडूंइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी डबा काठोकाठ भरला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी ते फाटकाला धरून उभेच होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कल्याणपर्यंत तरी टिकेल ना हो?"

मी म्हटलं, "टिकेल की."