डावीकडचा पाटा

मलकापूरला हायवेच्या कडेला माझं कमानपाट्याचं दुकान आहे. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पाटे एकावर एक रचलेले असतात. ते तुटले की बदलायचे, बसके झाले की ठोकून पुन्हा वाकवायचे. अब्बांनी हेच केलं, मीही तेच करतो. तुटलेला पाटा भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड पाहायची सवय त्यांनीच लावली. एका फटक्यात मोडलेलं लोखंड सगळीकडे चमकतं. हळूहळू चिरत गेलेलं अर्धं काळं पडलेलं असतं.

वरवट बकालकडचा एक ड्रायव्हर सोनाळ्याहून मका भरून इकडे आणायचा. गाडी त्याची स्वतःची. एका हंगामात तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मागच्या डाव्या चाकावरचाच मुख्य पाटा गेलेला. तोंड अर्धं काळं. तिसऱ्यांदा मला माझ्याच कामाची शंका आली. बोल्ट तपासले, ते घट्ट होते. माल एका अंगाला भरला जातो का, विचारलं, तर तो नाही म्हणाला. मग मी त्याला सांगितलं, उद्या मी गाडीत येतो. तो हसला, पण नको म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि सकाळीच केबिनमध्ये बसलो. सोनाळ्यात पोती चढत होती तेव्हा मी खाली उभा राहून चाकं बघत होतो. गाडी दोन्ही अंगांनी सारखीच दबली. परतीला तो खड्ड्यांतून गाडी जपून काढत होता. मी मान बाहेर काढून मागे बघत होतो आणि मला काहीच सापडत नव्हतं.

वरवट बकालच्या थोडं अलीकडे त्यानं गाडी हळू केली आणि डावी चाकं डांबरावरून खाली घेतली. रस्ता नव्यानं उंच केलेला, कड वीतभर खोल. पुढचं चाक नीट उतरलं. मागचं मात्र शेताच्या वाटेवरल्या एका दगडावर चढलं आणि भरल्या गाडीसकट धाडकन खाली आलं. माझे दात एकमेकांवर आपटले.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्याची बायको डबा घेऊन उभी होती.

"इथं दर खेपेले थांबतो का?" मी विचारलं.

"हाव. डबा घ्याचा असते ना."

"अन् हा दगड?"

"म्याच टाकला. बैलगाडी फसे म्हणून."

खाली उतरून मी दोघांना चाक दाखवलं, दगड दाखवला, पाटा कसा चिरत जातो तेही सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मले काऊन नाही सांगितलं? मी त्या बाभळीपाशी उभी राह्यली असती. तिथं सपाट हाये."

हे आपल्याला सुचलंच नाही, असं तो म्हणाला. मीही तीन वेळा पाटा बदलला होता, पण वाटेत कुठे थांबतोस, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिनं डबा तिथेच उघडला. भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी तिघांत पुरवून खाल्ली.

दुसऱ्या खेपेपासून ती बाभळीखाली उभी राहू लागली. त्या हंगामात डावा पाटा पुन्हा तुटला नाही. आता नवा ड्रायव्हर आला की मी आधी विचारतो, जेवायला कुठे थांबता? बरेच जण मला चांगल्या ढाब्यांची नावं सांगू लागतात.