चार फुटांवर थांबवलेला पाया

माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. बारा वर्षं झाली. तिला नाही, आईला नाही, ज्याच्यासोबत दर रविवारी बसतो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या गावचे, सौंसरचे लोक मला ज्या नावाने हाक मारतात, त्या नावाने तुम्ही बोलावणार नाही.

ते म्हणतात — इंजिनिअर साहेब.

काय आहे हो या शब्दात? पांढुर्ण्याहून सौंसरला निघा, संत्र्याच्या बागा दिसायच्या आधी कोचिंग क्लासच्या फलकांवर मुलांचे चेहरे दिसतात. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा इंजिनिअर आहे’ एवढं म्हटलं की बाकीचे प्रश्न मिटतात. कशाचा इंजिनिअर, करतो काय, त्याला येतं काय — कोण विचारतं? मलाही कोणी विचारलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. शिकलो म्हणजे, पास झालो. प्रॅक्टिकलच्या वह्या सीनियरच्या बघून उतरवल्या, माझं सर्किट चाललं नाही की शेजारच्या टेबलावरचे आकडे लिहिले. आज नागपुरात झेरॉक्स मशीन बिघडल्याच्या तक्रारी नोंदवतो. मशीन उघडणारे आयटीआयवाले वेगळे. मी फक्त त्यांना पत्ता देतो.

पण सौंसरात मला सगळं येतं. विहिरीवरची मोटर, छताची गळती, कोणाच्या मुलाने बारावीनंतर काय करावं. लोक विचारतात आणि मी सांगतो. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द तिथे माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. का निघाले नाहीत? कारण ते निघाले असते तर माझ्याजवळ दुसरं काही उरलं नसतं.

तर — गुरुजींचं घर. मला गणित शिकवणारे गुरुजी निवृत्त झाले आणि मोहगाव रोडला त्यांनी प्लॉट घेतला. आधी तिथे कपाशी होती. काळी माती, खोल. बांधकाम शालिक मिस्त्रीकडे होतं. आमच्या भागातली कितीतरी घरं त्याच्या हातची. वस्तीतला माणूस, भेटला की ‘जय भीम’ म्हणून हात उंच करायचा, बोलायचा कमी.

कॉलमचे खड्डे चार फूट गेले होते. शालिकचं म्हणणं, अजून खाली जायचं, कडक मुरूम लागेपर्यंत. गुरुजींना ते जास्तीचं वाटत होतं. ते म्हणाले, थांबा, आपला इंजिनिअर येऊन राहिला, त्याले दाखवू.

मी गेलो. माझ्यासाठी खुर्ची आणली, चहा आला, चार लोक उभे राहिले. मी खड्ड्यात वाकून पाहिलं. काय दिसलं म्हणता? काळं. बाकी काही नाही. मोबाइल काढला आणि कसलातरी गुणाकार केला. कशाला कशाने गुणलं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. म्हटलं, “पुरे एवढं.”

शालिक खड्ड्यातच उभा होता. त्याने मूठभर माती उचलून माझ्यापुढे धरली. “साहेब, हे माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. इच्यावर घर उभं नाही राहत. अजून दोनक फूट जा लागते.”

तो मुजोरीने बोलला नव्हता. मला समजावत होता. तेच मला सहन झालं नाही. मी विचारलं, “मिस्त्री, तुम्ही किती शिकले?”

“सातवी.”

गुरुजींचा मेहुणा मागून म्हणाला, “मग आता तुम्हीच डिग्री द्या बापा साहेबाले!” सगळे हसले. गुरुजीही हसले. शालिकने मूठ उघडली, माती खाली टाकली आणि खड्ड्यातून वर आला.

हीच माझी चूक, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. एवढंच असतं तर कधीतरी कोणाला सांगून मोकळा झालो असतो.

चार फुटांच्या पायावरच घर उभं झालं आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंती फाटल्या. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग, बोट जाईल एवढी. मागच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. गुरुजींचा फोन आला. जाण्याआधी मी इंटरनेटवर वाचलं — काळी माती, पाया, भेगा. पंधरा मिनिटं लागली. शालिकने मूठ पुढे धरून जे सांगितलं होतं, तेच तिथे इंग्रजीत लिहिलं होतं. म्हणजे त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे नीट ऐका. माहीत होतं.

आणि तरी मी खिशातून किल्ली काढली, भेगेजवळचं प्लास्टर खरवडलं. भुरभुर पडलं. किल्लीने खरवडलं तर कुठलंही प्लास्टर पडतं. मी म्हणालो, “सिमेंट कमी मारलं, गुरुजी. माल बाजूला काढला असेल.”

गुरुजी चिडले नाहीत. भेगेकडे बघत म्हणाले, “मी त्याले रोज आपल्या हातानं चहा देल्ला रे.”

आठवड्याभरात बाजारभर झालं — शालिकने गुरुजींचं सिमेंट खाल्लं. कोणी शहानिशा केली नाही. वस्तीतला मिस्त्री आणि नागपूरचा इंजिनिअर, यात खोटं कोण हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर मी बोललो होतो.

शालिक गुरुजींच्या अंगणात आला होता, हे नंतर कळलं. म्हणाला, बीम फोडून पाहा गुरुजी, सिमेंट कमी निघालं तर माझे हात तोडा. गुरुजी म्हणाले, इंजिनिअरनं सांगितलं, आता काय फोडायचं? त्यानंतर सौंसरात त्याला काम मिळालं नाही. ज्याने ओळंबा धरून घरंच्या घरं उभी केली, तो नागपुरात ठेकेदाराच्या हाताखाली रोजीने लागला. गुरुजी तीन वर्षांपूर्वी गेले. शालिक चोर आहे, हे मानूनच गेले.

मागच्या महिन्यात सौंसरच्या बसस्टँडवर तो मला दिसला. मी मान वळवली, पण त्यानेच हाक मारली. “जय भीम, साहेब.” केस पांढरे झालेले, हातात पिशवी. विचारलं नसताना म्हणाला, “पोरगी सिव्हिलले लागली यंदा. म्हटलं, इंजिनिअरच करतो तिले. तिनं सांगतलेलं लोक आयकतीन तरी.”

टोमणा होता का? त्याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तो खूश होता. नागपूरची बस लागलेली होती, सुटायला वेळ होता. दोन वाक्यं पुरली असती. मी काय म्हणालो माहीत आहे? “छान. मेहनत करायला सांगा तिला.” सल्ला दिला! तो “हाव साहेब” म्हणाला, आणि मी बसमध्ये चढून पलीकडच्या खिडकीत बसलो.

त्याने सिमेंट चोरलं नव्हतं. एक पाटीसुद्धा नाही. पाया मी थांबवला आणि चोर त्याला ठरवलं.

आज सकाळी गुरुजींच्या मुलाचा फोन आला. मागच्या खोलीची भिंत आता पाडावीच लागेल, म्हणाला. “त्या शालिकनं वाट लावली आमची. साहेब, तुम्ही सांगा, कुठून पाडायला घेऊ?”

मी सांगितलं — वरून घ्या, आधी छताला टेकू द्या. तो आभार मानून थांबला, मी अजून काही बोलेन म्हणून. मी फोन ठेवला.