पाच गडी आणि रेषेवरचा सहावा

मालवणच्या दांड्यावर गुरुदास कुबल राहतो. सकाळी किनाऱ्यावर पंचवीस-तीस जणांबरोबर रापणीच्या जाळ्याचा दोर ओढायचा आणि थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवारी कबड्डीचा पंच म्हणून जिल्हाभर फिरायचं, असे त्याचे दोन उद्योग. पहिल्यातून पोट भरायचं. दुसऱ्यातून मिळायचं ते एसटीचं भाडं, एक नारळ आणि पुढाऱ्यांची भाषणं संपेपर्यंत उन्हात उभं राहण्याचा मान. तरी तो जायचा. सामन्याआधी सगळ्या रेषांवरून अनवाणी चालायचा आणि कुठली रेषा जरा वाकडी वाटली की म्हणायचा, "चार बोटां सरकली हा. पुसा आणि परत मारा." आयोजक कपाळावर हात मारत आणि फक्कीची पाटी परत आणत. त्याला जिल्ह्यात सगळे 'चार बोटां' म्हणूनच ओळखत.

दोन हजार चार सालच्या डिसेंबरात सावंतवाडीला मोठी स्पर्धा झाली. अंतिम सामना शेळवण आणि इन्सुली यांच्यात पडला. शेळवण म्हणजे आचऱ्याच्या पलीकडचं खाडीकाठचं गाव. गुरुदासची बहीण यशोदा तिथे दिलेली. त्याने हे पंचांचा प्रमुख भाई याला आधीच सांगितलं होतं. भाई म्हणाला, "कोकणात कोणाची भयण खंय दिलेली नाय? सोयरो नसलेलो पंच शोधूक गेलंय तर कोल्हापुरासून माणसां हाडूक लागतली. तूच उभो रव."

त्याच आठवड्यात शेळवणात गावपळण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कोणी पाऊल टाकत नाही. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि पै-पाहुणे तिथेच भेटायला येतात. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गुरुदास असाच यशोदाच्या खोपीत जाऊन आला. भाकरी आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाल्लं आणि दुपारच्या गाडीने परतला. शेजारच्या खोपीत शेळवणचा कर्णधार स्वरूप होता. गुरुदासने त्याला एवढंच विचारलं, पाणी कुठून आणता.

रविवारी दुपारी सामना झाला. शेवटच्या मिनिटाला चोवीस-चोवीस. स्वरूप शेवटच्या चढाईला गेला, बोनस रेषेच्या पलीकडे पाय टेकवून मागे पळाला. बोनसचा गुण द्यायचा तर समोर कमीत कमी सहा गडी उभे हवेत. गुरुदासने नजर फिरवली, सहा मोजले आणि हात वर केला. शेळवण एका गुणाने जिंकलं. इन्सुलीच्या लोकांनी गोंधळ घातला, पण त्यांची तक्रार वेगळीच. वेळ संपली होती, असं ते ओरडत होते. वेळ संपली नव्हती.

परतीच्या एसटीत कुडाळ सोडल्यावर गुरुदासच्या डोळ्यासमोर ते मैदान पुन्हा उभं राहिलं. इन्सुलीचा एक गडी आधीच्याच चढाईत बाद झाला होता. तो बाहेर जाऊन बसायला हवा होता. तो रेषेलगत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. गुरुदासने त्यालाही मोजणीत धरला होता. आत होते पाच.

सोमवारी रापण ओढून झाल्याबरोबर त्याने शेजारच्या भुसारी दुकानातून भाईला फोन लावला.

"भाई, मी पाचाक सहा मोजलंय. तो बोनस नव्हतो."

"मेल्या, कप जाऊन कपाटात बसलो. आता उकरून काढू नको."

"कागदार लिवून दितंय."

"काय लिवू नको. गप रव आठ दिवस."

पण मंगळवारीच सावंतवाडीचं 'किनारवार्ता' दैनिक आलं. खेळाच्या पानावर चार स्तंभांत मथळा होता, 'पंचच विकला गेला, मग खेळ कुणाचा?' खाली सर्वेश नावाच्या बातमीदाराचं नाव. वेळ संपून गेल्यावर पंच कुबल यांनी चढाई चालू ठेवली, आदल्या दिवशी शेळवणात कर्णधाराच्या घरी मटणाचा बेत झाला आणि तिथेच सामन्याचा निकाल ठरला, असं छापलं होतं. पाच गड्यांचा कुठे उल्लेखच नाही.

पंच मंडळाने त्याच संध्याकाळी निरोप पाठवला, चौकशी होईपर्यंत शिटीला हात लावायचा नाही. गुरुदासच्या आयुष्यात दुसरी अशी गोष्ट नव्हती जिथे लोक त्याच्या हाताकडे बघून थांबायचे. ती गेली.

त्याची बायको मथुरा बाजारात मासे विकायला बसायची. बुधवारी एक गिऱ्हाईक बांगड्यांच्या वाट्यावर वाकून म्हणालं, "काय गो मथुरा, घोव मटणार गेलो, मगे ह्ये बांगडे उरले वाटता."

"घेवचे तर घे. नायतर हात काढ, बांगड्यांक तुझो वास लागतलो."

तिथे ती पुरून उरली, पण घरी येऊन पाटी आपटलीच.

रापणीवर नाना सगळ्यांत जुना माणूस. त्याने दोर ओढता ओढता उपाय काढला. "अरे, सोपा आसा. शनिवारी शेळवणात गावपळण. गावात कुत्रां पण नाय. मगे कर्णधाराच्या घरात मटण शिजवलां कोणी, भुतांनी? इतक्याच विचार तेंका. पेपर तोंडार पडतलो."

सगळे हसले. गुरुदास हसला नाही. "पण नाना, मी थंय गेल्लंय."

"खोपीत गेलंस. घरात नाय ना? मगे तितक्याच सांग."

"आणि कोणी खोपीत बघलेलो माणूस उभो रवलो तर?"

"तेवा बघू."

"तेवा नाय. तेंनी अर्धा लिवलां म्हणान मी भांडूक जातंय. आणि मीच अर्धा सांगू?"

नानाने दोर कमरेला घट्ट केला. "तुझां काय खरां नाय," म्हणाला आणि ओढायला लागला.

गुरुवारी पहिल्या गाडीने गुरुदास सावंतवाडीला गेला. इस्त्रीचा सदरा, खिशात वेळ नोंदवणाऱ्याच्या कागदाची झेरॉक्स. तळ्याजवळच्या रस्त्यावर एका दुकानाच्या माडीवर 'किनारवार्ता'ची कचेरी. संपादक सामंत चष्मा कपाळावर चढवून बसलेले. सर्वेश बाजूच्या टेबलावर. वय पंचविसाच्या आत, पाय टेबलाखाली हलत होते.

कचेरीत बोलायचं म्हणून गुरुदासने शुद्ध मराठी बांधून आणली होती. "साहेब, वेळ संपली नव्हती, हा कागद बघा. मटण मी खाल्लेलं नाही. आणि मी जी चूक केली ती तुम्ही लिहिलेलीच नाही."

सामंतांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "कुठली चूक?"

त्याने सांगितली. पाच गडी, रेषेलगत उभा राहिलेला सहावा, सगळं. टेबलावरच्या पेपरवेटांनी मैदान मांडून दाखवलं.

सर्वेश मध्येच म्हणाला, "पण तुम्ही आदल्या दिवशी शेळवणला होता हे तर खरं?"

"होतो. वेशीबाहेर. बहिणीच्या खोपीत भाकरी आणि तिसऱ्या खाल्ल्या. कर्णधार शेजारच्या खोपीत होता. त्याच्याशी पाण्याचं बोललो."

"म्हणजे आमचं फारसं चुकलं नाही. घराच्या जागी खोप, मटणाच्या जागी तिसऱ्या."

तिथे गुरुदासची शुद्ध मराठी संपली. "झिला, तितक्याच फरकान मी इन्सुलीचो सामनो घालवलंय. पाच आणि सहा, फरक कितको तो? तू सामन्याक होतंस?"

सर्वेशने सामंतांकडे पाहिलं. "मी त्या वेळी लाकडी खेळण्यांच्या प्रदर्शनाला होतो. माहिती फोनवरून घेतली."

"कोणाकडसून ता माका नको. एक फोन तेका केलंस, तसो दुसरो माका करूचो होतो. भुसाऱ्याचो नंबर सगळ्या जिल्ह्याकडे आसा."

सामंत सावकाश म्हणाले, "कुबल, एक सांगतो. चूक कबूल केलीत तर लोक म्हणतील, बघा, विकलाच गेला होता. त्यापेक्षा गप्प राहा. चार दिवसांत विसरतील."

"म्हणूंदेत. माका वायट पंच म्हणा. तेका तुमच्याकडे कारण आसा. विकलो म्हणूक कारण नाय."

सामंतांनी "बघतो" म्हटलं. गुरुदास उठला नाही. 'बघतो' म्हणजे कधी, हे त्याने तीनदा विचारलं. शेवटी शनिवार ठरला.

शनिवारी दुरुस्ती आली, तीही ठळक. वेळेबाबतची माहिती चुकीची होती. गावपळणीमुळे शेळवण गाव त्या दिवशी ओस होता, त्यामुळे पंच कुबल तेथे गेले असणे शक्यच नाही. त्यांचा निर्णय निर्दोष होता. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी.

दांड्यावर नानाने तो पेपर वाचून दाखवला. भाईचा फोन भुसाऱ्याकडे आला, "मंडळान मोकळो केलो तुका. फुडल्या रविवारी वेंगुर्ल्याक ये." मथुराने बऱ्याच दिवसांनी सुरमईची चांगली तुकडी घरात ठेवली, विकली नाही.

गुरुदासने तुकडी खाल्ली, हात धुतले आणि विचारलं, "सोमवारची पयली गाडी साडेपाचाकच ना?"

मथुराला कळायला वेळ लागला नाही. "आता कित्याक? तुझ्या बाजून लिवलां मां?"

"माझ्या बाजून चुकलां."

"चुकूंदे. बाजारात माका बसूचा लागता, तुका नाय."

"म्हणानच जातंय. फाल्या शेळवणची एखादी बायल तुझ्यासमोर बसान म्हणतली, आमी तेका खोपीत भाकरी खाताना बघलाव. तेवा तू काय सांगतलंस?"

मथुराने ताटं उचलली. सोमवारी पहाटे तिने भाकरी बांधून दिली.

कचेरीत त्याला जिन्यावर बघूनच सर्वेश उभा राहिला. "आता काय? छापलं ना?"

"ता परत चुकलां."

सामंतांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दुरुस्तीची दुरुस्ती? कुबल, बावीस वर्षं पेपर चालवतोय, असं कधी झालं नाही."

"तीनदा नाय येवचंय. आजच बरोबर लिवा."

"तुम्हाला मोकळं केलं की मंडळाने."

"तुमच्या पेपरावरसून केलां. पेपर चुकलो, मगे ताय चुकलां."

सामंतांनी सर्वेशला खूण केली. सर्वेशने कागद ओढला. गुरुदास समोरच्या स्टुलावर बसला आणि एकेक वाक्य पुरं होईपर्यंत थांबत गेला. शनिवारी पंच कुबल शेळवणच्या वेशीबाहेर बहिणीच्या खोपीत गेले होते. बहीण तिथे असल्याचे त्यांनी सामन्यापूर्वी पंचप्रमुखांना कळवले होते. कर्णधाराच्या घरी ते गेले नाहीत. शेवटचा बोनस गुण चुकीचा होता. समोर पाचच गडी होते. ही चूक पंचांनी स्वतः सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पंचप्रमुखांना सांगितली होती.

सर्वेशने वाचून दाखवलं. शेवटी त्याने आपल्या मनाने एक ओळ जोडली होती, 'अशा प्रामाणिक पंचांची जिल्ह्याला गरज आहे.'

"ता काढ," गुरुदास म्हणाला.

"चांगलं लिहिलंय की."

"माका तू कितको ओळखतंस? मागल्या मंगळवारी विकलेलो होतंय, आज प्रामाणिक. दोनय वेळा तुका ठावक नव्हता."

सर्वेशने ओळ खोडली. सामंत खिडकीबाहेर बघत राहिले. ते हसत होते की नाही ते गुरुदासला दिसलं नाही.

मंगळवारी ते छापून आलं, त्याच पानावर. त्याचे परिणाम जे व्हायचे ते झाले. इन्सुलीने सामना परत मागितला, तो मिळाला नाही. मंडळाने गुरुदासला चुकीबद्दल उरलेला हंगाम घरी बसवलं. भाईने सहा महिने त्याच्याशी धड बोलणं टाकलं, कारण सोमवारचा फोन आता सगळ्यांना कळला होता. बाजारात लोक मथुराला म्हणू लागले, "पाच बांगडे सहा म्हणान घालू नको हां." ती त्यांच्यासमोर बोटांनी मोजून वाटा लावायची, पाच म्हणजे पाच, आणि वर म्हणायची, "तो मोजूक चुकता, मी नाय."

पुढल्या ऑक्टोबरात गुरुदास पंचांच्या उजळणी वर्गाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसला, पोरांबरोबर परीक्षा दिली आणि शिटी परत घेतली. आता प्रत्येक चढाईआधी तो बाद गड्याला हाताने मागे सारतो, तो बसल्याशिवाय पुढे हलत नाही. त्याने खेळ खोळंबतो, पोरं कुरकुरतात.

हंगामातला त्याचा पहिला सामना कणकवलीला झाला. सर्वेश रेषेजवळ वही घेऊन बसला होता. दोन दिवसांनी 'किनारवार्ता'त आलं, पंच कुबल यांनी दोन वेळा शिटी उशिरा वाजवली. दुसऱ्या वेळी त्यामुळे कणकवलीचा एक गडी नाहक बाद ठरला.

नानाने ते दांड्यावर मोठ्याने वाचलं. रापणीवरची सगळी माणसं दोर सोडून गुरुदासकडे बघायला लागली.

"मगे? परत सावंतवाडेक?" नानाने विचारलं.

"कित्याक?" गुरुदासने पेपर नानाच्या हातातून घेतला, ओळ स्वतः एकदा वाचली आणि परत दिला. "दोनदाच. बरोबर लिवलां तेना. चला, दोर धरा, जाळां भायर इलां."